क्रॅश डंपसाठी किती मेमरी राखायची: १२८ एमबीचा गुंता सुटला

मागच्या नोंदीत केडंप बसवल्याचं लिहिलं होतं. लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) कोसळला की केडंप राखीव मेमरीत दुसरा कर्नल उठवतं, आणि तो पहिल्याची मेमरी फाइलमध्ये साठवतो, तोच डंप. या पंधरवड्यात पहिल्यांदा मुद्दाम कर्नल पाडून बघितला, आणि डंप मिळालाच नाही.

मशीन तेच, सिरियल पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम. बूट होतानाच क्रॅशकर्नल पॅरामीटरने १२८ एमबी बाजूला काढलेली. ही मेमरी आधीच राखावी लागते, कारण कर्नल कोसळला तरी डिस्क आणि नेटवर्क कार्डांनी सुरू केलेलं डीएमए (सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिणं) थांबलेलं नसतं. नेहमीच्या मेमरीत दुसरा कर्नल टाकला, तर त्याच्यावरच कुणीतरी लिहून जाईल. राखीव भागाला पहिला कर्नल कधी हातच लावत नाही, म्हणून तो सुरक्षित. पण मग एरवी तो भाग कुणाच्याच उपयोगाचा नाही. म्हणूनच नेमकी किती मेमरी लागते हे मला मोजून ठरवायचं होतं.

सिसआरक्यू ट्रिगर, म्हणजे कर्नलला थेट हुकूम देण्याची फाइल, तिच्यात कर्नल पाडणारं ‘सी’ लिहिलं. मॉनिटरवर शेवटचं चित्र जसंच्या तसं थिजलं. सिरियल केबल नसती तर मशीन लटकलं असंच समजलो असतो. केबलच्या पलीकडे लॅपटॉपवर मात्र दुसरा कर्नल उठताना दिसत होता: सीपीयू एक, मेमरी मोजली, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचं दाबलेलं गाठोडं) उलगडायला घेतली, आणि मग कर्नल पॅनिकची, म्हणजे कर्नलने हात टेकल्याची ओळ, ‘सिस्टम इज डेडलॉक्ड ऑन मेमरी’. म्हणजे मेमरी संपली आणि मोकळी करायला मारण्याजोगी एकही प्रोसेस उरली नाही.

माझा पहिला संशय मेकडंपफाइलवर होता, म्हणजे डंप गाळून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमवर. कुठली पेजं (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे) ठेवायची आणि कुठली गाळायची याचा बिटमॅप ते बनवतं. पण हिशेब केला तर ८ जीबीत ४ केबीची २०,९७,१५२ पेजं. प्रत्येकी एक बिट म्हणजे २५६ केबी, दोन बिटमॅप धरले तरी अर्धा एमबी. १ टीबीच्या सर्व्हरवर हेच ६४ एमबी होतात, तिथे ही चिंता रास्त आहे (चक्राकार पद्धतीने तुकड्या-तुकड्यांत काम करण्याची सोय त्यासाठीच आली). माझ्याकडे नाही. शिवाय पॅनिक मेकडंपफाइल सुरू होण्याआधीच आला होता.

खरा दोष इनिटरॅमएफएसचा. केक्झेकने (चालू कर्नलमधूनच दुसरा कर्नल चढवणाऱ्या सोयीने) दुसरा कर्नल दाखल करताना मी रोजच्या बूटचीच फाइल दिली होती. ‘मोस्ट’ सेटिंगवर, म्हणजे बहुतेक सगळी मॉड्यूल्स (कर्नलला जोडायचे तुकडे) घेऊन बनवलेली, ग्राफिक्सच्या फर्मवेअरसकट ७१ एमबीची. ती राखीव १२८ एमबीच्या आतच बसते, आणि उलगडताना दाबलेली प्रत आणि सुटी झालेली प्रत दोन्ही एकाच वेळी मेमरीत असतात. मग कर्नलला राहिलं काय? ‘डेप’ सेटिंगवर, म्हणजे फक्त या मशीनला लागणारी मॉड्यूल्स घेऊन, पुन्हा बनवली. १७ एमबी झाली.

त्यानंतर मोजणी. दर वेळी ग्रब (बूटलोडर) बदलून रीबूट करायची गरज नाही, ही गोष्ट मला फार आवडली. सिस्फएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या भागात) केक्झेक-क्रॅश-साइझ नावाची फाइल आहे. तिच्यात लहान आकडा लिहिला की उरलेली राखीव मेमरी मुख्य कर्नलला परत मिळते. आधी दाखल केलेली इमेज काढून टाकावी लागते, आणि एकदा कमी केलेली मेमरी रीबूटशिवाय वाढवता येत नाही. म्हणून ग्रबमध्ये २५६ ठेवले आणि प्रत्येक फेरीला हवं तितकं खाली आणलं. मेमरीची वाटणी दाखवणाऱ्या आयओमेम फाइलमध्ये ‘क्रॅश कर्नल’ची ओळ आखडलेली दिसते, ती दर वेळी तपासली.

१९२ ला डंप मिळाला, १६० ला मिळाला, १२८ ला तीनपैकी तीनदा मिळाला. ९६ ला मेकडंपफाइल सुरू होताच ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या भागाने) त्याला मारलं. दुसऱ्या कर्नलला सीपीयू एकच देणं इथे महत्त्वाचं, कारण प्रत्येक सीपीयूमागे वेगळी मेमरी जाते. शेवटी १६० वर थांबलो. कर्नल अपडेट झाला की आकडा थोडा हलतो, तेवढी ऐसपैस जागा हवीच.

डंपची पातळी ३१ ठेवली आहे. शून्य भरलेली पेजं, कॅश, वापरकर्त्याच्या प्रोसेसची पेजं, मोकळी पेजं, सगळं गळतं. ८ जीबीची फाइल १७४ एमबीवर आली.

मग मुद्दाम पाडणं थांबवून माझं तापमान सेन्सरचं मॉड्यूल लावलं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. पॅनिक-ऑन-ऊप्स १ करायला विसरू नका, नाहीतर नुसत्या ऊप्सवर (पॅनिकपेक्षा सौम्य चुकीवर) कर्नल पुढे रेटत राहतो आणि डंप निघतच नाही. रात्री पावणेबाराला ते कोसळलं. क्रॅश टूलमध्ये बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची यादी) काढला तर वरून तिसऱ्या ओळीवर माझंच रीड फंक्शन, आणि पॉइंटर शून्य. डिव्हाइस काढून घेतल्यावरही टायमर चालूच राहत होता. काढण्याच्या फंक्शनमध्ये टायमर थांबवायची ओळ घातली आहे. आज सकाळपासून सेन्सरच्या केबलची ओढ-लाव चाळीसएक वेळा झाली, अजून उभं आहे.