ऑपरेशन चालू असताना द्यायचा रिपोर्ट
आज लॅबमध्ये बाकीचं काम चालूच होतं पण माझं सगळं लक्ष ऑपरेशन थिएटरकडं. गडहिंग्लजकडच्या एक मावशी, दोनदा मुतखडा होऊन गेलेला, कंबर-गुडघे दुखतात म्हणून कित्येक वर्षं नुसतं तेल चोळणं चाललेलं, आणि रक्तातलं कॅल्शियम १२ च्या वर, म्हणजे जास्तच. एका डॉक्टरांनी पीटीएचची (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन, ते वाढलं की कॅल्शियम वाढतं) टेस्ट करून घ्या म्हणून सांगितलं तेव्हा सापडलं, नाहीतर वय झालं म्हणून सोडूनच दिलं असतं, आणि असं किती बायकांचं होत असेल, मला खरंच वाईट वाटतं.

मानेत थायरॉइडच्या मागं चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. बहुतेक पेशंटमध्ये एकच वाढलेली असते, ती गाठ काढली की झालं. पण कधी दोन असतात, कधी चारही, आणि स्कॅनमध्ये एकच दिसते. राहिलेल्या नीट आहेत का हे सर्जनला नुसतं बघून दरवेळी कळत नाही, ते रक्तातनं कळतं. पीटीएच रक्तात टिकत नाही, तीन ते पाच मिनिटांत निम्मं होतं, म्हणून गाठ काढल्यावर १० मिनिटांनी सॅम्पल घ्यायचं आणि आधीच्या सगळ्यात जास्त आकड्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त उतरलं पाहिजे. मायामीच्या डॉ. जॉर्ज आयर्विन यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रुळवली. त्याआधी रिपोर्ट येईपर्यंत मान शिवून पेशंट वॉर्डात गेलेला असायचा.

सुरुवातीचा पीटीएचचा आकडा ३१२. गाठ काढली, वॉर्डबॉय जांभळ्या टोपणाची ट्यूब घेऊन जिन्यानं पळतच आला कारण लिफ्ट कधी येईल याचा भरवसा नाही. सेंट्रिफ्यूजमधनं काढून आधी प्लाझ्मा उजेडात धरून बघितला, लालसर असला तर रक्तातल्या पेशी फुटल्यात आणि आकडा खोटाच कमी येऊ शकतो. स्वच्छ पिवळा होता. मशीन लावलं. वर मावशी भुलीत, सर्जन हात थांबवून उभे, आणि इथं स्क्रीनवर मिनिटं उतरतायत.

२२८.

फोनवर आकडा दोनदा सांगितला, पलीकडनं परत म्हणून घेतला. अजून एक सॅम्पल आलं, २२१. म्हणजे दुसरी गाठ आहेच. स्कॅनमध्ये उजवीकडची एकच दिसत होती, त्यांनी डावीकडं शोधलं आणि सापडली. ती काढल्यावर १० मिनिटांनी ५४. मी फोनवर जरा मोठ्यानंच बोलले बहुतेक, शेजारच्या काउंटरवरचे लोक बघायला लागले.

ही टेस्ट महाग पडते म्हणून काही ठिकाणी टाळतात, स्कॅन स्पष्ट आहे मग कशाला म्हणतात. स्कॅन आणि सोनोग्राफी दोन्हीत एकच गाठ स्पष्ट दिसत असेल तर ते म्हणणं अगदीच चूक नाही. पण आज पहिल्या गाठीनंतर मान शिवली असती तर मावशींना परत तेच कॅल्शियम, परत खडे, आणि दुसऱ्यांदा त्याच मानेचं ऑपरेशन जे पहिल्यापेक्षा अवघड असतं. एवढा खर्च वसूल आहे असं माझं ठाम मत आहे.

त्यांचा मुलगा खाली भेटला. त्याला सांगितलं, आता एकदोन दिवस ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सिस्टरना सांगा, कॅल्शियम खाली गेलेलं असू शकतं. आणि सहा महिन्यांनी परत तपासायचंच, तोपर्यंत नॉर्मल राहिलं तरच बरं झालं म्हणायचं. त्यानं मोबाइलमध्ये तारीख टाकून घेतली.