पुरलेलं लेकरू उकरून का काढता?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न येतोच, आणि आता घरच्या लग्नकार्यातही येतो : गेलेल्या जिवांना मातीत पडू द्यायचं सोडून तुम्ही त्यांना उकरून का काढता? मी उत्खननात मिळालेल्या अस्थींचा अभ्यास करते. आजवर दोन वाक्यांत उत्तर देत आले. विचारणाऱ्याचं समाधान झालं नाही, माझंही नाही.

आम्ही हात लावला नाही तर पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, जशीच्या तशी राहते, हा समज आधी सोडा. पांढरीची माती शेतात नेऊन टाकतात, उसासाठी जमीन सपाट करायला जेसीबी लावतात, नदी दर पावसाळ्यात काठ कातरते. त्यात फुटलेल्या मडक्यांची नोंद कुणी ठेवत नाही. घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खोदलं नसतं, तर तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं आपली लहान मुलं दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत होती हे कळलंच नसतं. मोठ्यांना पुरताना पावलं घोट्यापासून तोडत. गेलेल्याने निघून जाऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे.

तशाच एका पांढरीवर, दुसऱ्या नदीच्या काठी, मला पहिला कुंभ मिळाला. दोन मडक्यांचे काठ एकमेकांना भिडलेले दिसले तेव्हा मी ब्रश घेऊन खड्ड्यात ओणवी होते. घमेली उचलणाऱ्या मावशी जागीच थांबल्या. "लेकरू हाय न्हवं?" त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आपल्याकडे आजही तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात; मावशींनी स्वतःचं एक पुरलं होतं, विहिरीपलीकडच्या बांधाला. ते त्यांनी मला तिथेच सांगितलं.

"कुठं नेणार ह्येला?"

"पुण्याला, प्रयोगशाळेत."

"मग परत आणून ठिवणार?"

नाही म्हणाले. खरं तेच सांगितलं. मग समजावत राहिले, की दुधाच्या दातांचं एनॅमल आईच्या पोटातच तयार व्हायला लागतं. गरोदरपणी तिची आबाळ झाली तर त्याची खूण लेकराच्या दातावर उमटू शकते. त्या बाईबद्दल जगात दुसरीकडे कुठेही एक अक्षर लिहिलेलं नाही, हा एवढाच पुरावा. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "तिला इचारलं व्हतं का?" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या नाहीत. हंगाम संपेपर्यंत आल्या नाहीत, आणि त्यांना मजुरीची किती गरज होती हे मला माहीत होतं. राहिलेला रोज द्यायला घरी गेले. त्यांनी चहा केला, पैसे मोजून घेतले, विषय काढला नाही.

तेव्हाची मी म्हणायची, शास्त्राची बाजू घ्यायची आणि पुढे जायचं. आज तिच्याशी वाद घालताना केनेविकचा माणूस मध्ये येतो. अमेरिकेत कोलंबिया नदीकाठी १९९६ मध्ये सापडलेला, सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा. तिथल्या मूळ रहिवासी जमाती म्हणाल्या, हा आमचा पूर्वज, पुरू द्या. शास्त्रज्ञ कोर्टात गेले आणि जिंकले. २०१५ मध्ये डीएनए तपासला तर नातं मूळ अमेरिकनांशीच निघालं. २०१७ मध्ये त्याला पुन्हा पुरलं. तपासलं नसतं तर नातं सिद्ध झालंच नसतं, असं मी म्हणते. त्यांना सिद्ध करायची गरजच कुठे होती, असं मावशी म्हणतील. ऑस्ट्रेलियातला मुंगो मॅन, तोही असाच प्राचीन सांगाडा, २०२२ मध्ये परत मातीत ठेवला, तेव्हा तर मूळ रहिवाशांतही एकमत नव्हतं.

पण तिथे मागणारं कुणीतरी होतं. आमच्या कुंभावर हक्क सांगायला कुणी येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो, आणि मावशी आल्या. रक्ताचं नातं असेल किंवा नसेल.

त्या दातांवर रेषा निघाली. आई उपाशी होती की आजारी, ते सांगता येत नाही. पण त्या महिन्यांत तिला सुख नव्हतं. हे कळायलाच हवं होतं, असं मला आजही ठामपणे वाटतं. अस्थी क्रमांक घालून पेटीत ठेवल्या आहेत. नवं तंत्र आलं तर त्या आणखी काही सांगतील, म्हणून ठेवाव्यात असं कधी वाटतं, आणि कधी वाटतं, एवढं पुरे, नेऊन पुरून टाकाव्यात. पुढच्या हंगामात त्याच नदीवर काम आहे आणि मी जाणार आहे.