किन्काकुजी: सोनं बघा, पण स्टेशनवरून बस धरू नका

किन्काकुजीला, म्हणजे जपानमधल्या क्योटोच्या सुवर्णमंदिराला निघालेल्यांना पहिलं सांगणं: क्योटो स्टेशनसमोरून २०५ नंबरची बस पकडू नका. कागदावर ती चाळीसेक मिनिटांत पोचते. आमची पहिली बस डोळ्यांदेखत भरून गेली, दुसरीत कशीबशी उभं राहण्यापुरती जागा मिळाली. दर थांब्यावर चार उतरणार, सहा चढणार, त्यातला एक भलीमोठी बॅग घेऊन दारातच अडकणार. इथे चढायचं मागच्या दाराने आणि पैसे देऊन उतरायचं पुढच्या, म्हणजे आपला थांबा आला की अख्खी गर्दी फोडत जायचं. लेकरू कडेवर असेल तर विषयच नको.

त्यात आमच्या एजंटाने ‘बसचा डे पास घ्या’ म्हणून सांगितलेलं. नुसत्या बसच्या त्या पासची विक्री २०२३ मध्येच बंद झाली! आता सबवे (भुयारी रेल्वे) आणि बसचा एकत्र पास आहे, ११०० येनचा. बसचं साधं तिकीट २३० येन, म्हणजे दिवसात पाचेक फेऱ्या होणार नसतील तर पास अंगावर पडतो.

त्यापेक्षा करासुमा लाइनची सबवे धरून किताओजीला उतरा. पाव तास लागतो, ट्रॅफिकचा प्रश्नच नाही. तिथल्या टर्मिनलवरून २०४ किंवा २०५ घ्या. बस तीच, पण प्रवास थोडाच.

मंदिर ९ ते ५ उघडं, तिकीट ५०० येन. एजंटाची दुसरी थाप म्हणजे ‘आतल्या सोन्याच्या खोल्या’. सोन्याच्या मंडपाच्या आत कुणालाच सोडत नाहीत. तळ्याकाठून एकाच दिशेने चालायचं, रमतगमत गेलात तरी तासाभरात बाहेर. तळमजल्याला सोनं नाहीच, साधं लाकूड आणि पांढऱ्या भिंती. वरचे दोन मजले तेवढे मढवलेले. आणि सहाशे वर्षांपूर्वीची वास्तू बघतोय असंही समजू नका. माजी शोगुन (लष्करी सत्ताधीश) योशिमित्सूने १३९७ मध्ये ही जागा घेतली खरी, पण जुना मंडप १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळला. समोर दिसतो तो १९५५ चा, त्यावरचं सोनं १९८७ चं.

एवढं सगळं माहीत असूनही, तळ्यापलीकडे तो दिसला आणि आमची बडबड बंद झाली. फोटोत हे येत नाही. जावंच.

पहिल्या कठड्याशी फोटोसाठी रेटारेटी असते. चार फोटो काढून पुढे सरका. वाट मंडपाच्या अगदी जवळून जाते, तिथे मान वर करून सोनं निवांत बघता येतं. नंतरचा चढ किरकोळ आहे.

बाहेर पडल्यावर र्योआनजी मंदिर वीसेक मिनिटांच्या चालीवर. त्या दगडी बागेबद्दल लोकांनी भरपूर लिहिलंय, मी भर घालत नाही. परतताना मात्र पुन्हा बसच्या रांगेत उभे राहू नका. जवळच र्योआनजी नावाचंच छोटं स्टेशन आहे, तिथून रांदेन ट्राम धरा आणि काताबिरानोत्सुजीला गाडी बदलून आराशियामा भागाकडे सुटा.