पिवळा रंग काही येईना

लोहाच्या खनिजांवर काम करायचं म्हटलं की आधी गोएथाइट, म्हणजे पिवळं लोह-खनिज, बनवायला शिकतात. फेरिक नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम हायड्रॉक्साइड ओतलं की लालसर तपकिरी फेरीहायड्राइटचा, म्हणजे नीट स्फटिक न झालेल्या लोह-खनिजाचा, साका पडतो. तो त्याच द्रावणासकट 70 अंश सेल्सिअसला 60 तास ओव्हनमध्ये ठेवायचा. हळूहळू साका पिवळा होतो, आकसून तळाशी बसतो. माझा बसेना.

पहिल्या वेळी वाटलं, अल्कली कमी पडली. दुसऱ्या वेळी पीएच नीट पाहिला, 13 च्या वर होता, वेळही वाढवून दिला. तरी तपकिरीच, नुसती पिवळसर झाक. क्ष-किरण विवर्तनात, म्हणजे स्फटिक ओळखायच्या चाचणीत, गोएथाइटची शिखरं दिसली, पण बुटकी, आणि त्यांच्याखाली फेरीहायड्राइटचे ते ओळखीचे पसरट उंचवटे, 2.5 आणि 1.5 अँगस्ट्रॉमच्या आसपास.

सरांनी आलेख बघितला आणि एवढंच विचारलं, "बाटली कसली होती?"

काचेची होती. बोरोसिलिकेट काच सहसा कशाला दाद देत नाही, पण इतक्या तीव्र आणि गरम अल्कलीत तीही झिजते. काचेतली सिलिका विरघळून सिलिकेटच्या रूपात द्रावणात उतरते आणि ते फेरीहायड्राइटच्या कणांना लोह-ऑक्सिजन-सिलिकॉन अशा बंधांनी चिकटतं. गोएथाइट व्हायला आधी ते कण विरघळावे लागतात, मग सुटलेलं लोह नव्या स्फटिकावर चढतं. सिलिकेट ही पहिली पायरीच अडवतं. हे मी वाचलेलं होतं. पण सिलिका आपण घातली तरच असते, असं मी धरून चालले होते.

खात्री करायला वरचं द्रावण गाळून, आम्ल करून त्यात अमोनियम मॉलिब्डेट घातलं. पिवळं झालं, क्षपणक (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया घडवणारं रसायन) टाकताच गडद निळं, म्हणजे सिलिका होतीच. मग पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत तोच प्रयोग लावला. 60 तासांनी ओव्हन उघडलं तर सुंदर पिवळा गोएथाइट! खूप आनंद झाला.

नंतर मुद्दाम सिलिका घातली, आणि माझ्या मते खरी गंमत इथे आहे. उदासीन पीएचला फेरस लोहाच्या द्रावणात हवा सोडली की नारिंगी लेपिडोक्रोसाइट, आणखी एक लोह-खनिज, मिळतं. त्यातच सोडियम सिलिकेट पुरेसं असेल तर नारिंगी रंग येतच नाही, तपकिरी फेरीहायड्राइट येतं. त्याचे कण इतके बारीक की लवकर खाली बसत नाहीत, गाळणकागद तुंबवतात. भूजलात विरघळलेली सिलिका जवळपास नेहमीच असते, म्हणून झऱ्याच्या तोंडाशी साचणारा गंजासारखा गाळ बराच काळ फेरीहायड्राइटच राहतो. अशा गाळावर आर्सेनिकही कमी धरलं जातं, कारण चिकटायच्या जागा सिलिकेटनं आधीच घेतलेल्या असतात.

आता पाण्याचा नमुना आला की लोहाबरोबर सिलिकाही त्याच दिवशी मोजते. आणि नमुना काचेच्या बाटलीत घेत नाही.