तयार बास्केटमधून शेअर घेताना: खाते उघडण्यापासून तिसऱ्या रीबॅलन्सपर्यंत

तज्ज्ञाने निवडलेल्या शेअरची तयार बास्केट घरबसल्या घेता येते. स्मॉलकेस या नावाने हा प्रकार आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण तिच्यात पैसे घातल्यावर नेमके काय होते, हे नीट समजायला मला तीन रीबॅलन्स (बास्केटच्या यादीत ठरावीक काळाने होणारे बदल) जावे लागले. म्युच्युअल फंडात पैसे फंडाकडे जातात आणि खरेदी-विक्री फंड करतो. इथे व्यवस्थापक फक्त यादी देतो आणि प्रत्येक शेअरचे प्रमाण सांगतो. शेअर आपल्याच डीमॅटमध्ये (शेअर ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात) येतात, ऑर्डर आपल्याच ब्रोकरकडून जाते आणि कर आपल्याच पॅनवर लागतो. व्यवस्थापक कितीही चांगला असला, तरी त्याची यादी आणि आपले डीमॅट यांच्यामध्ये जे घडते त्यावर परतावा बराच ठरतो. हे लिखाण त्या मधल्या टप्प्याबद्दल आहे.

सुरुवात नोंदणी क्रमांकापासून. यादी देणारी व्यक्ती किंवा संस्था सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, रिसर्च अ‍ॅनालिस्ट किंवा इन्व्हेस्टमेंट अ‍ॅडव्हायझर म्हणून नोंदलेली असावी लागते. पहिल्याचा क्रमांक ‘आयएनएच’ने सुरू होतो, दुसऱ्याचा ‘आयएनए’ने. तो सेबीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळते का ते मी पाहिले. दोघांत फरक मोठा आहे. सल्लागाराला आपली जोखीम घेण्याची तयारी तपासून, आपल्याला झेपेल असाच सल्ला द्यावा लागतो. अ‍ॅनालिस्ट सगळ्यांना एकच यादी देतो. आपले कर्ज किती, नोकरी पक्की की कंत्राटी, हे त्याला माहीत नसते. बहुतेक बास्केट अ‍ॅनालिस्टच्या असतात, त्यामुळे एकूण बचतीतले किती पैसे इथे घालायचे हा निर्णय आपल्याकडेच राहतो. आपल्या वतीने खरेदी-विक्री करणारी पीएमएस ही वेगळी सेवा, आणि तिथे किमान ५० लाख रुपये लागतात.

खाते उघडणे सोपे आहे. पॅन आधारला जोडलेले हवे, मोबाइल क्रमांक आधारवरचाच हवा, पांढऱ्या कागदावरची सही स्वच्छ हवी. काम अडते ते केवायसीच्या स्थितीवर. जुनी गुंतवणूक असेल आणि केआरएकडे (गुंतवणूकदारांच्या केवायसीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) पत्ता किंवा ईमेल जुना असेल, तर स्थिती ‘व्हॅलिडेटेड’ होत नाही आणि खाते अर्धवट लटकते. आधी केआरएच्या संकेतस्थळावर पॅन टाकून स्थिती पाहावी, दुरुस्ती असेल तर ती करावी आणि मगच ब्रोकरचा अर्ज भरावा.

बास्केटसाठी मी वेगळे डीमॅट उघडले. त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो, कारण यात झालेली चूक नंतर सुधारता येत नाही. एकाच डीमॅटमधले शेअर विकले की कराच्या हिशेबात सर्वांत आधी घेतलेले शेअर आधी विकले गेले असे धरतात. समजा, एका कंपनीचे ४० शेअर पाच वर्षांपूर्वी १,००० रुपयांनी घेतले होते. बास्केटमधून त्याच कंपनीचे आणखी १० शेअर ३,००० रुपयांनी आले. तीन महिन्यांनी व्यवस्थापकाने ती कंपनी काढली आणि १० शेअर २,९०० रुपयांना विकले गेले. बास्केटच्या पडद्यावर १,००० रुपये तोटा दिसेल. कराच्या हिशेबात मात्र जुन्या शेअरवरचा १९,००० रुपयांचा दीर्घकालीन नफा धरला जाईल. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून विवरणपत्र भरताना गोंधळ होतो. वेगळ्या डीमॅटमध्ये हा प्रश्नच येत नाही. त्याची किंमत एवढीच की दोन डीमॅट झाली की ‘बीएसडीए’ची (लहान गुंतवणूकदारांच्या मूलभूत डीमॅट खात्याची) सवलत जाते. त्या सवलतीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या शेअरवर वार्षिक देखभाल शुल्क लागत नाही. मला हा सौदा पटला.

आता किमान रकमेबद्दल. आपल्याकडे अर्धा किंवा पाव शेअर घेता येत नाही, त्यामुळे ती रक्कम महाग शेअर आणि त्याचे प्रमाण यांवरून ठरते. १२,००० रुपयांचा शेअर बास्केटमध्ये ४ टक्के हवा असेल, तर तो एक शेअर बसवायला बास्केट ३ लाखांची लागते. किमान रक्कम कमी दाखवायची तर प्रमाणे वाकवावी लागतात: ४ टक्क्यांच्या जागी तो शेअर ९ टक्के होतो आणि बाकीचे आक्रसतात. किमान रकमेत घेतलेली बास्केट म्हणूनच व्यवस्थापकाच्या मूळ यादीपासून सर्वांत दूर असते. ऑर्डर पक्की करण्याआधी शेअरची संख्या आणि प्रत्यक्ष टक्केवारी दिसते. ती मूळ प्रमाणांशी ताडून पाहावी. रक्कम किमानच्या दुप्पट-तिप्पट केली की फरक बराच कमी होतो.

शुल्काचा हिशेबही रकमेवरच ठरतो. वर्षाचे ठरावीक शुल्क ६,००० रुपये असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ७,०८० होतात. ५०,००० रुपयांच्या बास्केटवर हे १४ टक्के झाले, म्हणजे वर्षभराचा चांगला परतावा शुल्कातच संपला. ३ लाखांवर ते २.३६ टक्के, ५ लाखांवर १.४२ टक्के. रक्कम लहान असेल तर टक्केवारीने शुल्क घेणारी किंवा विनाशुल्क बास्केट बरी, आणि तशी मिळत नसेल तर सरळ इंडेक्स फंड (निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) बरा. हे मी अगदी मनापासून सांगतो, कारण छोट्या रकमेवर ठरावीक शुल्क भरणाऱ्याचे नुकसान पहिल्याच दिवशी ठरलेले असते.

पहिली खरेदी सव्वानऊला बाजार उघडताच करू नये. पहिल्या काही मिनिटांत खरेदी-विक्रीच्या भावांत अंतर मोठे असते, आणि बास्केटच्या ऑर्डर बहुधा बाजारभावाने जातात. साडेदहा-अकरानंतर अंतर कमी झालेले असते. खात्यात दाखवलेल्या रकमेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त पैसे ठेवावेत. ऑर्डर जाईपर्यंत भाव हलतात आणि पैसे कमी पडले की यादीतले शेवटचे शेअर राहून जातात. एखादा शेअर अप्पर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या भाववाढीच्या मर्यादेला, लागलेला असेल तर विकणाराच नसतो आणि ती ऑर्डर भरत नाही. मग बास्केट ‘अपूर्ण’ दाखवते आणि दुरुस्तीचा पर्याय येतो. तो त्याच दिवशी वापरायचा की दुसऱ्या दिवशी, हे सर्किट उघडते का यावर ठरवावे. राहिलेला शेअर ब्रोकरच्या अ‍ॅपमधून थेट घेऊ नये. तो डीमॅटमध्ये येतो, पण बास्केटच्या नोंदीत येत नाही, आणि पुढच्या रीबॅलन्सला संख्या चुकते.

शेअरबरोबर ईटीएफ (शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड) असलेल्या बास्केट स्वभावाने शांत असतात: थोडा निफ्टी, थोडे सोने, थोडा लिक्विड ईटीएफ (अगदी अल्प मुदतीच्या, रोखीसारख्या गुंतवणुकीचा). त्यांत दोन गोष्टी तपासाव्या लागतात. ईटीएफचा बाजारातला भाव आणि त्याच्या आतल्या मालमत्तेचे मूल्य एकच नसते. परदेशी शेअरच्या ईटीएफमध्ये हा फरक मोठा होऊ शकतो, कारण फंड उद्योगाला परदेशात गुंतवायच्या रकमेवर मर्यादा आहे. मर्यादा भरली की नवी युनिट निघत नाहीत आणि असलेल्या युनिटांना मूल्यापेक्षा जास्त भाव द्यावा लागतो. एक्स्चेंजच्या वेळात फंडाच्या संकेतस्थळावर सूचक मूल्य दिसते. भाव त्याहून दोन टक्क्यांनी जास्त असेल तर मी थांबतो. दुसरी गोष्ट लिक्विड ईटीएफची. काहींमध्ये रोजचा लाभांश युनिटच्या अपूर्णांकात जमा होतो. त्यावर आपल्या टप्प्यानुसार कर लागतो, आणि अपूर्णांक एक्स्चेंजवर विकता येत नाही, म्हणून बास्केट बंद केली तरी डीमॅटमध्ये ०.४३ युनिट असे काहीतरी उरते. वाढीचा पर्याय असलेल्या लिक्विड ईटीएफमध्ये ही कटकट नाही.

सगळ्यात जास्त लक्ष मागतो तो रीबॅलन्स. व्यवस्थापक यादी बदलतो, सूचना येते, पण आपण मान्यता दिल्याशिवाय काहीच हलत नाही. आधी विक्री होते. डीडीपीआय (विकलेले शेअर खात्यातून काढायची ब्रोकरला दिलेली लेखी परवानगी) दिलेले नसेल तर विक्रीआधी सीडीएसएलचा (डीमॅटची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा) टीपिन आणि ओटीपी टाकून शेअर मोकळे करावे लागतात. पहिल्या रीबॅलन्सला हा टप्पा पूर्ण झाला नाही म्हणून विक्री नाकारली गेली, आणि पैसे न आल्यामुळे खरेदीही अडली. डीडीपीआयवर एकदा ई-सही केली की ही अडचण संपते. त्याने ब्रोकरला केवळ आपण विकलेले शेअर देण्याचा आणि तारण ठेवण्यासारख्या ठरावीक कामांचाच अधिकार मिळतो.

दुसऱ्या रीबॅलन्सला वेगळे झाले. नव्या खरेदीसाठी ब्रोकरकडे ठेवलेले पैसे खात्यात नव्हते, बँकेत परत गेले होते. सेबीच्या नियमाप्रमाणे ब्रोकरला ग्राहकाचे न वापरलेले पैसे ठरावीक काळाने परत करावे लागतात, आणि तिमाहीचा पर्याय निवडला असेल तर ते तिमाहीच्या पहिल्या शुक्रवारी-शनिवारी होते. बऱ्याच बास्केटचे तिमाही रीबॅलन्सही त्याच सुमारास येतात. आता मी पैसे आधी पाठवतच नाही; सूचना आल्यावर यूपीआयने भरतो.

यादी बाहेर पडल्या पडल्या मान्यता द्यावी का? मोठ्या कंपन्या असतील तर फरक पडत नाही. लहान कंपन्यांच्या बास्केटमध्ये मात्र हजारो जण एकाच सकाळी तोच शेअर घेतात. ज्याची रोजची उलाढालच तीन-चार कोटींची आहे त्याचा भाव तासाभरात उडतो आणि दोन-तीन दिवसांत बऱ्याचदा खाली येतो. अशा वेळी मी दोन दिवस थांबतो. आठवडेच्या आठवडे थांबणे चुकीचे, कारण मग आपली बास्केट आणि जाहिरातीत दिसणारा परतावा यांचा संबंधच उरत नाही.

खर्चाचा खरा आकडा इथे दिसतो. ३ लाखांच्या बास्केटमध्ये एका तिमाहीला ९०,००० रुपयांचे सात शेअर विकले आणि तेवढेच नवे घेतले, असे धरू. एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) दोन्ही बाजूंना ०.१ टक्का, म्हणजे १८० रुपये. खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, साडेतेरा रुपये. डीपी शुल्क (डीमॅटमधून शेअर काढण्याचे) विकलेल्या प्रत्येक कंपनीमागे दिवसाला एकदा लागते. ते १५ रुपये असेल तर जीएसटीसह १२४. विक्री दोन दिवसांत विभागली गेली तर काही शेअरवर ते दोनदा लागते. दलाली सोडून हे साधारण ३१८ रुपये झाले, वर्षाला सुमारे १,२७०, म्हणजे ०.४२ टक्के. वरचे २.३६ टक्के शुल्क मिळवले की २.७८. निफ्टी इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट (मध्यस्थाशिवायच्या) प्लॅनचा खर्च अर्ध्या टक्क्याहून बराच कमी असतो. बास्केटने निर्देशांकाला दोन टक्क्यांहून जास्त फरकाने मागे टाकले, तरच बरोबरी होते.

आणि कर तर अजून बाकीच आहे. २३ जुलै २०२४ पासून घेतल्यापासून वर्षभराच्या आत विकलेल्या शेअरच्या (अल्पकालीन) नफ्यावर २० टक्के, वर्षभरानंतर विकलेल्यावर (दीर्घकालीन) १२.५ टक्के कर आहे. दीर्घकालीन नफ्यातले वर्षाला सव्वा लाख रुपये करमुक्त, आणि करावर ४ टक्के उपकर. त्या ९०,००० च्या विक्रीत १२,००० रुपये अल्पकालीन नफा असेल तर २,४९६ रुपये कर झाला. म्युच्युअल फंड आतल्या आत शेअर बदलतो तेव्हा युनिटधारकाला असा कर लागत नाही. सोन्याच्या ईटीएफला सव्वा लाखाची सवलतही मिळत नाही. तोटा झाला असेल तर विवरणपत्र मुदतीत भरावेच. तरच तो पुढची आठ वर्षे ओढता येतो. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून.

कंपन्यांच्या पातळीवरचे बदल बास्केटच्या नोंदीत उशिरा उमटतात. बोनस शेअरची (कंपनीने फुकट दिलेल्या जादा शेअरची) नोंद तारीख आली की भाव खाली येतो, पण नवे शेअर जमा होईपर्यंत पडद्यावर तोटा दिसतो. घाबरून काही विकू नये. कंपनीचे विभाजन झाले तर काम वाढते. २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा एकास एक शेअर मिळाला. २० जुलै ही नोंद तारीख, आणि सूचिबद्ध झाली २१ ऑगस्टला. मूळ खरेदीची किंमत ९५.३२ आणि ४.६८ टक्के अशी विभागायची होती. असा नवा शेअर बास्केटच्या यादीत नसेल तर तो डीमॅटमध्ये तसाच पडून राहतो. तो ठेवायचा की विकायचा हे आपण ठरवायचे, आणि विकताना शून्य किंमत न धरता विभागलेली किंमत धरायची. ब्रोकरच्या करपत्रकात ती नेहमी बरोबर असतेच असे नाही.

मासिक हप्त्याबद्दल थोडक्यात: बऱ्याच ठिकाणी तो आपोआप जात नाही, दर वेळी मान्यता द्यावी लागते. शिवाय पूर्ण शेअरच घ्यायचे असल्याने ५,००० ठरवले तरी एखाद्या महिन्यात ४,३०० जातात, एखाद्यात ५,६००. लहान हप्त्यात महाग शेअर महिनोन्‌महिने येतच नाहीत. दर महिन्याऐवजी तिमाहीला, रीबॅलन्सच्याच दिवशी, मोठी रक्कम घालणे मला सोयीचे वाटले. एकाच वेळी प्रमाणेही सुधारतात.

बाहेर पडताना वर्गणी थांबवली तरी शेअर विकले जात नाहीत, ते डीमॅटमध्येच राहतात. थांबतात त्या फक्त पुढच्या सूचना. सगळे एकदम विकायची घाई नसेल तर डीमॅटमधून खरेदीच्या तारखांची यादी काढावी. ज्यांना वर्ष पूर्ण व्हायला पंधरा-वीस दिवस उरले आहेत ते मागे ठेवावेत आणि नफ्याचा काही भाग ३१ मार्चआधी, काही नंतर घ्यावा, म्हणजे सव्वा लाखाची सवलत दोन आर्थिक वर्षांत वापरता येते. विक्रीसाठी बास्केटमधलाच ‘एक्झिट’ वापरावा, आणि लोअर सर्किटला (दिवसाच्या घसरणीच्या मर्यादेला) अडकलेला शेअर राहिला असेल तर तो पुढचे काही दिवस रोज सकाळी पुन्हा विक्रीला लावावा.