वल्हं पाण्याबाहेर असताना

रोइंग क्लबात नाव घातलं, आणि पहिले तीन आठवडे मी बोटीत बसलेच नाही. आधी अंगावरच्या कपड्यांसकट पोहण्याची चाचणी झाली. मग जलतरण तलावात बोट मुद्दाम उलटवून तिच्यातून बाहेर यायचं होतं. याची मला खरी धास्ती होती, कारण या बोटींमध्ये बूट बोटीलाच पक्के बसवलेले असतात. टाचेला आखूड दोरी बांधलेली असते. तिच्यामुळे बुटाची टाच फार वर उचलली जात नाही आणि बोट उलटली की पाऊल बुटातून निसटतं. बुटाची पट्टी ओढूनही सुटता येतं. काठावर हे सगळं ऐकताना सोपं वाटलं. पाण्याखाली डोकं खाली असताना ती पट्टी शोधायला मला जे दोन-तीन सेकंद लागले, ते अजून आठवतात. पट्टी हाताला लागली, पाय सुटले, वर आले. कोच मॅडम म्हणाल्या, "आता पुन्हा, डोळे उघडे ठेवून." पुन्हा केलं. त्यानंतर मात्र पाण्याची धाकधूक गेली.

नंतरचे दिवस रोइंग मशीनवर गेले. ओढताना आधी पाय, मग कंबर, मग हात. परतताना नेमकं उलटं: हात, कंबर, पाय. माझा सगळा जीव ओढण्यात होता. मॅडमचं लक्ष मात्र परतीवर. "घाई कशाची? हात जाऊ दे आधी." हे वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा ऐकलं असेन!

पाऊस असला की आम्ही बोटहाऊसमध्ये बोटी पुसायचो, आणि क्लबचा इतिहास मला तिथेच कळला. भिंतीवर जुनी वल्ही टांगलेली आहेत. सर्वांत जुन्यांची पाती लांब आणि अरुंद. त्यांच्या शेजारी मॅकॉन पात्याची, म्हणजे रुंद, दोन्ही बाजूंनी सारख्या पात्याची, १९५९ नंतर सगळीकडे पसरलेली. मग १९९० च्या दशकातली कुऱ्हाडीसारखी एका बाजूला झुकलेली पाती, जी आम्ही आज वापरतो. बोटींचंही तसंच. वल्ह्याचा टेकू बोटीच्या काठापासून लांब धरणारा लोखंडी आउटरिगर १८४० च्या दशकात इंग्लंडच्या टाइन नदीवर हॅरी क्लॅस्पर यांनी रुळवला. त्यामुळे बोट अरुंद करता आली. सरकती सीट १८७० च्या दशकात आली. त्याआधी पायांची ताकद वापरता यावी म्हणून खेळाडू चरबी लावलेल्या बाकावर अंग घसरवत वल्हवायचे. मला हे ऐकून फार कौतुक वाटलं. म्हणजे सीट सरकायला लागण्याआधीच माणसं सरकत होती.

तिथेच कप्तानांच्या नावांच्या लाकडी पाट्या आहेत. सुरुवातीच्या सगळ्या पाट्यांवर फक्त पुरुषांची नावं. मॅडमचं नाव बरंच खाली येतं. बायकांचं रोइंग ऑलिंपिकमध्ये आलं ते १९७६ साली, माँट्रिअलला, आणि तेही १००० मीटरचंच. पुरुषांसाठी २००० मीटर होते. बायकांना तेवढं अंतर मिळायला १९८८ चं सोल उजाडावं लागलं. मॅडमनी वल्हं हातात घेतलं ते त्या हजार मीटरच्या काळात. "आम्हाला जास्त झेपणार नाही असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं," त्या पात्यावरून कापड फिरवत एवढंच बोलल्या. मला राग आला, आणि त्या दिवसापासून मी कधी दमल्याचं कारण सांगितलं नाही.

मग एकदाची चौघींची बोट मिळाली, कॉक्ससह, म्हणजे सुकाणू धरून हुकूम देणारी पाचवी. पहिल्याच दिवशी माझं वल्हं पाण्यात अडकलं, दांडा छातीवर आदळला आणि बोट थांबली. आमच्याकडे याला 'खेकडा पकडला' म्हणतात. पण खरी चूक वेगळीच निघाली. वल्हवताना आमचं तोंड बोटीच्या मागच्या टोकाकडे असतं, आणि मी परतीला सुसाट त्या बाजूला जाऊन पायांच्या फळीवर आदळत होते. अशा बोटीचं स्पर्धेतलं किमान वजन ५१ किलो, आणि आम्ही चौघी मिळून त्याच्या पाचपट तरी असू. एवढं वजन बोटीच्या मागच्या टोकाकडे सरकतं, तेव्हा बोट आमच्याखालून पुढे निसटते. म्हणजे बोट सगळ्यात जोरात पळते ती वल्ही पाण्याबाहेर असताना! शेवटी फळीवर धडकलं की तो वेग तिथेच मेला. इतके दिवस मॅडम 'हात जाऊ दे' म्हणत होत्या, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. मग दोन महिने आम्ही फक्त परत यायला शिकलो. पहाटे, डोळे मिटून, पुढचीच्या सीटच्या चाकांचा आवाज ऐकत.

नवशिक्यांची शर्यत होती हजार मीटरची. सुरुवातीच्या वीस वल्ह्यांचं मला काही आठवत नाही. मध्ये कधीतरी कॉक्स म्हणाली, "आता हळू सरका," आणि चारही सीटची चाकं एकदम वाजली. बोटीच्या तळाखालून बुडबुड्यांचा आवाज येऊ लागला. वल्ही वर, कुणी काही करत नाही, आणि बोट धावतेय. आम्ही तिसऱ्या आलो. मॅडम धक्क्यावर उभ्या होत्या. बोट उचलायला त्यांनीही हात लावला.

बोट धुतली, पुसली, घडवंचीवर चढवली. मग मी नोंदवहीत तारीख, बोटीचं नाव आणि चौघींची नावं लिहिली. शेवटच्या रकान्यात दुरुस्ती लिहायची असते. तिथे लिहिलं: दोन नंबर सीटचं डावं चाक घासतंय, उद्या सकाळच्या आधी बघावं.