घर अजून का ठरले नाही, हे तुम्ही विचारलेत म्हणून

भेटणारा प्रत्येक जण हल्ली तेच विचारतो, "इतकी घरे पाहिलीत, मग तुम्हांला हवे तरी आहे काय?" प्रश्नात आपुलकी असते हे मला कळते, पण त्यामागची समजूत बोचते. आम्ही दोघी बहिणी फार चोखंदळ आहोत, किंवा राहते घर सुटत नाही म्हणून मी कारणे शोधते, असे तुम्ही मनाशी धरले आहे. ताईला व्हीलचेअर का लागते आणि हे घर आम्हांला का सोडावे लागते आहे, हे तुम्ही जाणताच. ते पुन्हा सांगत नाही.

आम्हांला जे हवे आहे ते थोडे आहे आणि टेपने मोजता येण्यासारखे आहे. ताईची खुर्ची ६६ सेंटिमीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना चाके ढकलणारे तिचे हात असतात, म्हणून दारातून ८० सेंटिमीटर मोकळी वाट लागते. घरमालक सांगतात ते माप बहुतेक वेळा चौकटीचे असते; दार उघडल्यावर फळीची जाडी आणि मूठ त्यातले काही सेंटिमीटर खातात, हे कोणी सांगत नाही. खुर्ची जागच्या जागी वळवायची तर दीड मीटर व्यासाची जमीन रिकामी हवी. प्रवेशाशी १५ सेंटिमीटरची एक पायरी असेल, तर एकास बारा या प्रमाणाने १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. त्याहून चढ तीव्र झाला की हातांवर ताण येतो आणि खुर्ची मागे कलंडण्याची भीती वाढते. "एकच तर पायरी आहे" असे कोणी म्हणाले की मला ते १८० सेंटिमीटर दिसू लागतात, आणि ते अनेकदा थेट रस्त्यावर नाहीतर शेजाऱ्याच्या दारात उतरत असतात. बाथरूमचे दार आत उघडणारे नको, कारण आत कोणी पडले तर त्या शरीरानेच दार अडते आणि मदत बाहेर खोळंबते. यात चोखंदळपणा कुठे आहे, ते मला दाखवून द्या.

शोध सुरू झाला तेव्हाची मी मात्र वेगळे बोलत असे. घर हवेशीर आणि उजेडाचे असावे, बाकीचे सुतार आणि गवंडी पाहून घेतील, असे तिचे म्हणणे होते. तिचे सगळेच मला आजही खोडता येत नाही. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडते करता येते, उंबरठा काढता येतो, कमोडशेजारी आधाराचे दांडे बसवता येतात. पण भाड्याच्या घरात यातल्या प्रत्येक गोष्टीला मालकाची संमती लागते, इमारतीचा भार पेलणाऱ्या भिंतीतले दार रुंद करणे सोपे नसते, आणि हलक्या पोकळ भिंतीत नुसता ठोकलेला दांडा ऐन वेळी माणसाच्या वजनाने उपटून हातात येतो. तरीही उजेड हवा हा तिचा आग्रह मला पटतो, कारण ताई दिवसाचे बहुतेक तास घरातच काढते.

आता त्या घराविषयी, ज्याला मी नकार दिला म्हणून तुमच्यापैकी काही जण अजून नाराज आहेत. घर तळमजल्यावर होते, खोल्या मोठ्या होत्या, मालक सभ्य होते. मी आधी एकटी जाऊन मोजून आले होते. इमारतीच्या प्रवेशाला दोन पायऱ्या होत्या, आणि बाथरूमच्या दारातून ६८ सेंटिमीटर वाट मिळत होती. कागदावर खुर्ची आत जात होती. आम्ही ताईला घेऊन गेलो. पायऱ्यांपाशी मालक म्हणाले, "उचलून घेऊ, त्यात काय एवढे!" आणि त्यांनी बोलावलेली दोन धडधाकट माणसे पुढे झाली. ताईला कोणी काही विचारले नाही. खुर्ची उचलायची तर तिच्या सांगाड्याला धरून उचलावी लागते. एकाने हात टेकायची दांडी धरली, जी काढता-घालता येणारी असते, आणि ती निखळून त्याच्या हातात आली. खुर्ची एका अंगाला कलली. मी पाठीमागून पकडली म्हणून ताई पडली नाही. ती माणसे भल्या मनाची होती, ती घाबरली, त्यांनी पुन्हा पुन्हा विचारपूस केली, आणि ताई उलट त्यांचीच समजूत घालत राहिली. मग ती बाथरूमच्या दारातून आत गेली, तेव्हा दोन्ही हातांची बोटे चौकटीला घासून सोलपटली. आत वळायला जागा नव्हती, दार लावता येत नव्हते. ती तशीच मागे मागे सरकत बाहेर आली आणि मालकांना म्हणाली, "घर छान आहे."

परतताना ती मला म्हणाली, "घेऊन टाक. मी फारशी बाहेर पडणारच नाही." त्याच संध्याकाळी मी फोन करून नकार कळवला. बाहेर पडण्याचे सोडून देऊन मिळणारे घर मला तिच्यासाठी नको होते, आणि आजही नको आहे.

पण नकार कळल्यावर ती जे बोलली, ते तुम्हांला सांगायला हवे. "त्या दोघांनी मला न विचारता उचलले, तुला राग आला. तू मला न विचारता नाही म्हणालीस, त्याचे काय?" अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये संमत झाला. त्यातले सुगम्यतेविषयीचे नववे कलम मी घरमालकांशी बोलताना नेहमी पुढे करते. ताईने माझ्यापुढे एकोणिसावे कलम ठेवले. कुठे आणि कोणाबरोबर राहायचे हे इतरांच्या बरोबरीने निवडण्याची संधी अपंग व्यक्तीला असावी, असे ते सांगते. मी म्हटले, ज्या दारातून जाताना हात सोलवटतात ते स्वीकारणे ही निवड नाही, ती नाइलाजाला दिलेली संमती आहे. ती म्हणाली, नाइलाज कुठला आणि निवड कुठली हे ठरवणारी तू कोण? या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि म्हणून माझा नकार चुकीचा होता असेही मला वाटत नाही.

घर ठरले नसताना बांधाबांध कशाला, असेही तुम्ही विचारता. ती ताईच्या हट्टाने चालली आहे आणि फार नीट चालली आहे. खोक्यांवर खोलीचे नाव लिहिण्याऐवजी ती उंची लिहिते: बसल्या जागी हाताशी, गुडघ्याच्या पातळीवर, वर चालेल. नव्या घरात १२० सेंटिमीटरच्या वर तिच्या रोजच्या वापराचे काही जाणार नाही. खुर्चीची विशेष उशी, सुटी ट्यूब, पंप आणि औषधे ट्रकमध्ये चढणार नाहीत, कारण त्या उशीशिवाय दिवसभर बसावे लागले तर अंगाला जखमा होतात, आणि सामान आधी पोहोचेल की आम्ही, हे कोणी सांगू शकत नाही. तिचा पलंग सर्वांत आधी लावायचा आणि खोकी भिंतीकडेला रचून मधली वाट मोकळी ठेवायची, हेही ठरले आहे.

तेव्हा एखादे घर सुचवाल तर किती खोल्या आहेत हे नंतर सांगा. रस्त्यापासून आतपर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि बाथरूमचे दार पूर्ण उघडून मधली वाट किती भरते, एवढे मोजून कळवा. पुढच्या घरी आधी आपणच जाणार, मी नाही, असे ताईचे म्हणणे आहे. मोजमाप न करता तिला पुन्हा पायऱ्यांसमोर नेणे मला मान्य नाही. ते आमचे अजून ठरलेले नाही.